माइनस सत्तावीस

बडोद्याच्या मराठी माणसाला साठीनंतर दोन दुखणी जडतात. एक गुडघ्याचं, दुसरं शेतातल्या घराचं. जन्म दांडिया बाजारात काढलेला असतो, नोकरी रावपुऱ्याच्या पलीकडे गेलेली नसते, मातीशी संबंध काय तो गणपतीच्या मूर्तीपुरता. पण फंडाचे पैसे हाती पडले की एकाएकी काळ्या आईची आठवण येते. मग कोणी वाघोडियाकडे सरकतं, कोणी सावलीकडे. आम्ही पादऱ्याकडे सरकलो. अटलादरा गेलं, समियाला गेलं, हमरस्ता सोडून आत वळलं की एक गाव लागतं, आणि गाव संपून वांग्याची शेतं सुरू झाली की आमचं घर.

घर घेताना जुनी माणसं पाणी विचारत, हल्लीची नेट विचारतात. आम्ही दोन्ही विचारलं. दलालाने विहीर दाखवली, कालव्याचं पाणी कुठवर येतं ते दाखवलं, आंबे दाखवले, एक चिकूही दाखवला. नेटचं विचारल्यावर मात्र तो फाटकाशी शेवग्याखाली जाऊन उभा राहिला, खिशातून फोन काढला आणि ‘जुओ साहेब, फुल टावर’ म्हणून चारही दांड्या दाखवल्या. बोलणं ओसरीवर चाललेलं असताना हा गृहस्थ उन्हात शेवग्याखाली का गेला, हे राहायला आल्यावर समजतं.

दांड्या मुळात फसव्याच. तुमच्या फोनला टॉवर ऐकू येतोय, एवढंच त्या सांगतात. त्याच टॉवरला त्याच क्षणी आणखी किती जण हाका मारताहेत, हे सांगत नाहीत. दुपारी दोनला गाव झोपलेलं असतं तेव्हा नेट पळतं. रात्री आयपीएल सुरू झाली, पंचक्रोशीतला जो तो खाटलीवर आडवा होऊन फोन छातीवर घेऊन बसला, की आमच्या चारही दांड्या उभ्याच्या उभ्या राहतात आणि नेट बसतं.

तेव्हा घरात कायमची लाइन घ्यायची ठरली आणि समिती बसली. जावईबापू टोरांटोला असतात. त्यांनी एक्सेलची शीट पाठवली. त्यात ओळीने कंपन्या आणि पुढे रकाने: वेग, महिन्याचं भाडं, डेटाची मर्यादा, लेटन्सी, अपटाइम. लेकीने खाली लिहिलं, ‘बाबा, नुसतं डाउनलोड बघू नका, अपलोडही बघा.’ सौ.ची मागणी एका ओळीची होती: नातीचा चेहरा चौकोनी दिसता कामा नये.

नातीचा चेहरा गोल दिसायला फार नेट लागत नाही. व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस धडपणे मिळाले तरी पुरतात, बऱ्यापैकी स्वच्छ सिनेमाला पाचेक. पण जाहिरातीत शंभराखाली कोणी बोलतच नाही. शिवाय कंपनी मोजते बिटांत आणि आपले फोटो भरतात बाइटांत; आठ बिटांचा एक बाइट. शंभरचं कनेक्शन सगळं सुरळीत असताना सेकंदाला साडेबारा मेगाबाइट उतरवतं. मापात पाप म्हणायचीही सोय नाही. माप चोख आहे, फक्त वजनं वेगळ्या दुकानातली आहेत.

सरकारचं माप त्याहून उदार. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड, २०१३ पासून ५१२, आणि २०२३ च्या जानेवारीपासून २ एमबीपीएस. या हिशेबाने शेवग्याखाली उभे असताना आम्ही आजही रीतसर ब्रॉडबँडवाले ठरतो. २००४ च्या हिशेबाने तर सरंजामदार.

जावईबापूंच्या शीटमध्ये सगळ्यात वर हवेतलं फायबर होतं. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात फाइव्ह-जी आलं आणि पुढच्याच वर्षी मोठ्या कंपन्यांनी घरासाठी बिनतारी जोडणी काढली. गच्चीवर एक डबा बसवायचा, त्याने टॉवरकडून नेट घ्यायचं आणि खाली घरात सोडायचं. तारच नाही तर तुटणार काय? संकेतस्थळावर आमचा पिनकोड घातला तर फुगे उडाले आणि ‘अभिनंदन! आपल्या भागात सेवा उपलब्ध आहे’ असं झळकलं. इथे पिनकोडचा स्वभाव ओळखून असावं. तो १९७२ साली पोस्टमनसाठी जन्माला आला. पोस्टमन सायकलवरून चिखलातून बांधावरून कुठेही जातो. एका पिनकोडात अख्खं शहर बसतं आणि भोवतीची गावंही. शहरात टॉवर आहे म्हणून वांग्याच्या शेताचं अभिनंदन होतं.

तरी डबा बसवायला पोरगा आला. गच्चीवर फोन फिरवत कोपऱ्याकोपऱ्यांत उभा राहिला, वाकला, एकदा पाण्याच्या टाकीवरही चढला. मग खाली येऊन म्हणाला, ‘काका, आंबो नडे छे.’ टॉवर आणि आमची गच्ची यांच्या बरोबर मध्ये राजापुरी आंबा उभा होता. पानांत पाणी असतं आणि फाइव्ह-जीच्या वरच्या पट्ट्यातल्या लहरी पानांतून जाताना निम्म्या गळतात. थंडीत छाटलेल्या झाडातून जे नेट येतं ते पावसाळ्यात पालवी दाटली की येत नाही. ‘बे डाळी कापी नाखो,’ पोराने उपाय सांगितला. दोन फांद्या तोडा. सौ. म्हणाल्या, ‘अहो, त्याला सांगा, नातीचा चेहरा षटकोनी दिसला तरी चालेल, राजापुरीला हात लावायचा नाही. वर्षाचा छुंदा कशाचा घालू, टॉवरचा?’ हवेतलं फायबर हवेतच राहिलं.

दुसरी वाट पंचायतीतून जात होती. २०११ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने देशातल्या जवळजवळ अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायचं ठरवलं. २०१५ मध्ये त्या योजनेचं भारतनेट झालं. गुजरातेत त्यासाठी राज्याची वेगळी कंपनीच निघाली, गुजरात फायबर ग्रिड नेटवर्क. ठरल्या वेळेत काम पुरं झालं नाही हे सांगायला नको, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये पुढच्या टप्प्याला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. आकडा वाचून आम्हाला वाटलं, यातले वर सुटलेले पाचशे एकोणऐंशी कोटीसुद्धा आमच्या फाटकापर्यंत पुरतील. पण तार येते पंचायतीपर्यंत. आमचे तलाटी-कम-मंत्री फार सज्जन. ‘नेट छे ने!’ म्हणून त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवर सात-बाराचा उतारा मिनिटात काढून दाखवला. नेट होतंच. फक्त दिल्लीहून हजार किलोमीटर आलेली ती तार शेवटच्या एका किलोमीटराला ओसरीवर पाय पसरून बसली होती.

खेड्यापर्यंत काहीतरी पोचवायची हौस बडोद्याला जुनीच. खंडेराव महाराजांनी १८६२ साली डभोई ते मियागाम नॅरो गेजची रेल्वे घातली. रूळ इतके हलके होते की त्यांना इंजिन पेलेना, म्हणून गाडीला बैल जुंपले. इंजिन नियमित धावायला १८७३ उजाडलं. आज या बैलगाडी-रेल्वेला लोक हसतात, पण शीटमध्ये तिचा रकाना भरून पाहा: जातानाचा आणि येतानाचा वेग तंतोतंत सारखा. अपलोड आणि डाउनलोड समसमान देणारी दुसरी कंपनी आमच्या भागात अजून आलेली नाही. पुढे सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. लोक वाचायला शिकले तर वाचायला काही हवं, म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. त्यात फिरती ग्रंथालयं होती. लाकडी पेटीत पुस्तकं भरून ती गावाला धाडायची, तिथे वाचून झाली की परत. त्या पेटीला बफरिंग नव्हतं. ओल्ड बडोदा स्टेटचा अभिमान आमच्या पिढीच्या अंगात थोडा जास्तच आहे हे मान्य, पण महाराजांनी पेटी पंचायतीत ठेवून ‘आता इथून पुढे तुमचं तुम्ही बघा’ असं म्हटलं असतं का, हा विचार मनात येतोच.

जावईबापू मात्र आकाशाकडे बघत होते. कॅनडातल्या आडगावांत लोक स्टारलिंक वापरतात. पूर्वीचे उपग्रह ३५,७८६ किलोमीटरांवर असत. तिथवर शब्द जाऊन यायला इतका वेळ लागे की नवरा-बायकोचं बोलणं असेल तर तेवढ्यात विषय बदललेला असे. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरांवरून फिरतात, म्हणून उत्तर चटकन येतं. भारतात त्यांना २०२५ च्या जूनमध्ये परवानाही मिळाला. हे सगळं मी गावातल्या ओट्यावरच्या मंडळींना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेजारच्या काकांनी एकच प्रश्न विचारला, ‘बगडशे तो उपर चढशे कोण?’ बिघडलं तर वर चढणार कोण?

माझ्या मते खेड्यात नेट घेताना विचारण्याजोगा प्रश्न हाच आहे, आणि जावईबापूंच्या शीटमध्ये त्याला रकाना नव्हता. वेग सगळ्यांकडे असतो. भाडं थोड्या फरकाने सारखंच. पण पावसाळ्यात रात्री साडेनऊला राउटरवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला की बॅटरी घेऊन बांधावरून चालत कोण येईल? मोठ्या कंपनीचा माणूस बडोद्याहून येतो, म्हणजे येत नाही. त्याच्या जागी एक गोड आवाज येतो: हिंदीसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी चार दाबा, आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे. मोलाचा असल्यामुळे तो बराच वेळ धरून ठेवतात.

याउलट गावातला नेटवाळो रामजी मंदिरामागे राहतो. मूळचा केबलवाला, आता तारेबरोबर स्वतःही बदलला. त्याचं कॉल सेंटर म्हणजे त्याच्या बा, त्याची आई. फोन त्याच उचलतात आणि ‘सूतो छे’, ‘जमे छे’, ‘वडोदरा गयो छे’ यांपैकी एक उत्तर देतात. झोपलाय, जेवतोय, बडोद्याला गेलाय. तीनच पर्याय, आणि तिन्ही खरे. मुख्य म्हणजे तिन्हींचा शेवट त्याच्या येण्यात होतो.

त्याचं नियंत्रण केंद्र पाहायला मी मुद्दाम गेलो होतो. बसथांब्याजवळ पानाचा गल्ला, म्हणजे टपरी, आहे, तो त्याच्या काकांचा. आत थंड छासच्या फ्रिजवर एक पंखे फिरणारा चपटा डबा घरघरत असतो. गावाचं नेट त्यातून निघतं. त्याच्या एकेका तोंडातून एकेक तार बाहेर पडते आणि पुढे एका स्प्लिटरमध्ये शिरून बत्तीस घरांत वाटली जाते. या स्प्लिटरला वीज लागत नाही. काचेच्या तारेतून आलेला प्रकाश काचेतच वाटला जातो. वीज लागत नाही म्हणून त्याने तो सरळ कडुनिंबाच्या खोडाला ठोकलाय आणि पाऊस लागू नये म्हणून वर सिंगतेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा उलटा टांगलाय. अर्ध्या गावाचं ऑनलाइन आयुष्य त्या तेलाच्या डब्याखाली आहे. बँकेचे व्यवहार, आधार, शाळेचा अभ्यास, आणि सौ.ची रात्रीची मालिका.

आमच्या घरी तार जोडायला तो आला तो दिवस बघण्यासारखा होता. स्कूटरच्या सीटवर त्याने स्प्लायसिंगचं मशीन मांडलं, वर सौ.नी छत्री धरली. काळ्या वेष्टनातून त्याने एक तंतू बाहेर काढला. वेष्टन उतरवल्यावर उरलेली काच १२५ मायक्रॉन, म्हणजे केसाएवढी, आणि प्रकाश धावतो तो तिच्या गाभ्यातल्या नऊ मायक्रॉनांतून. त्याने ती स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, बारकी ‘चीं’ वाजेपर्यंत पुसली. मग एका बारक्या यंत्राने टोक असं कापलं की ते आरशासारखं सपाट झालं. दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवली. छोट्या पडद्यावर ती बोटभर जाडीची दिसू लागली. मशीनने त्यांना स्वतःच डावी-उजवीकडे, वर-खाली सरकवून एका रेषेत आणलं, मध्ये एक ठिणगी उडाली आणि दोनाची एक तार झाली. ‘झीरो पॉइंट झीरो वन,’ तो म्हणाला. सांध्यात जाणारा तोटा एक शतांश डेसिबल. याच मुलाने सकाळी आमच्याकडे सुट्टे पैसे नाहीत म्हणून दहा रुपये सोडले होते.

मग त्याने हातातल्या मीटरला तार लावली. ‘माइनस ओगणीस. राजा छो, काका!’ हा आकडा म्हणजे घरी पोचलेला प्रकाश. वीसच्या आसपास असला तर उत्तम, सत्तावीसला काठावर, त्याच्या खाली गेला की दिवा लाल. गावाला हे गणित तोंडपाठ आहे. सहकारी डेरीत दूध घालायला उभ्या असलेल्या रांगेत पूर्वी ‘फॅट किती लागलं?’ विचारत, आता ‘तमारे केटलो माइनस?’ विचारतात, आणि फॅटच्या बाबतीत जसे चढवून सांगत तसेच इथे उतरवून सांगतात.

आमचा एकोणीस संध्याकाळपर्यंत टिकला. दुपारी वायरमन आला होता. लोंबती तार त्याला बघवेना. त्याने तिला भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून, काटकोनात वळवून, दर वितीला क्लिप ठोकून इतकं देखणं बसवलं की भिंतीवर भूमितीचं प्रमेय उमटलं. वीज काटकोनात वळते, प्रकाश वळत नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर तो काचेतून बाहेर सांडत गेला. माइनस सत्तावीस. नेटवाळ्याने येऊन सगळ्या क्लिपा उपटल्या आणि तार पुन्हा ऐसपैस गोल लोंबती केली. वायरमन अजून आमच्याशी नीट बोलत नाही.

सगळंच काही गोडीगुलाबीचं आहे असं नाही. कडुनिंबापासून आमच्या घरापर्यंत तार झाडांवरून आणि बांबूंवरून येते, आणि तोच वानरांचाही रस्ता आहे. टोळी आली की एखादा हुप्प्या तारेला लोंबकळून पलीकडे जातो. त्याला एका उडीत जमतं, आमचा कॉल तिथेच तुटतो. कपाशी भरलेली ट्रॉली खालून गेली तरी तीच गत. उत्तरायणाला तर तीन दिवस नेटची अपेक्षाच धरू नये. तारेत अडकलेला पतंग काढायला गावातली पोरं दोऱ्याला दगड बांधून भिरकावतात. पतंग येतो, सोबत फायबरही येतं. जमिनीतून तार घेतली असती तर? जमिनीत जेसीबी असतो. खोदण्याआधी विचारा म्हणून केंद्राने २०२३ च्या मार्चमध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप काढलंय. ते वापरायला नेट लागतं.

आणि कधी कधी काहीच तुटलेलं नसतं, तरी नेट नसतं. अशा वेळी उत्तर येतं, ‘उपरथी बंध छे.’ वरूनच बंद आहे. आमचा नेटवाळो नेट घेतो पादऱ्याच्या माणसाकडून, तो घेतो बडोद्याहून, बडोद्याचा आणखी कुठून. त्यातल्या प्रत्येकाला विचारलं तर प्रत्येक जण वर बोट दाखवतो. आमच्या गावात या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारत नाहीत.

विजेची चौकशीही करून ठेवावी. गुजरातने २००३ पासून ज्योतिग्राम योजनेत गावाचा आणि शेतीचा फीडर वेगळा केला. गावाला चोवीस तास वीज, शेतीला मोटरीपुरती ठरावीक तास. गावठाणाबाहेर घर असलं की आपली जोडणी यांपैकी कोणत्या फीडरवर आहे ते आधी विचारायचं, नाहीतर वांग्यांना पाणी सुटेल तेव्हाच तुमचं नेट सुरू होईल. आम्ही बडोद्यात मरीमाताच्या खांचातल्या बाजारात जाऊन राउटरपुरता छोटा यूपीएस आणला. आता लाइट गेली की पंखा बंद, दिवे बंद, अंधारात घाम पुसत आम्ही टोरांटोचा बर्फ बघतो.

डिसेंबरात जावईबापू स्वतः आले. हिंचक्यावर बसून त्यांची ऑफिसची मीटिंग चालू होती, आणि नेमका हुप्प्या गेला. लाल दिवा. त्यांनी लॅपटॉप मांडीवर तसाच ठेवून मोबाइलवर चढायचा प्रयत्न केला, मग शेवग्याखाली गेले, मग मला म्हणाले, ‘बाबा, कंपनीचा टिकेट नंबर काढा.’ मी बांना फोन केला. ‘जमे छे’ होतं. जेवण उरकून नेटवाळो आला, कमरेला मीटर लटकावून सरसर कडुनिंबावर चढला, तुटलेलं टोक शोधून खाली आला आणि स्कूटरच्या सीटवर मशीन उघडलं. जावईबापू छत्री धरून उभे. ते परदेशात इंजिनियर आहेत हे त्याला माहीत होतं. ठिणगी उडाली, दिवा हिरवा झाला, मीटरवर माइनस एकवीस आलं. तार गुंडाळता गुंडाळता त्याने मोठ्या आदराने विचारलं, ‘भाई, केनेडामां तमारे घेर केटलो आवे छे?’

जावईबापूंना सांगता येईना.